कॅरिक फ्लॅटच्या भेटी

१ डिसेंबर २०२०, मंगळवार

आज कॅरिक फ्लॅटची लायब्ररी लॉकडाउननंतर पुन्हा उघडली. आमच्या अकरा शाखांतली ही सगळ्यात लहान आणि सगळ्यात शेवटी उघडलेली. टार्निटच्या आमच्या घरून गाडीने पन्नास मिनिटं लागतात. माझं काम आकड्यांचं आहे, शाखा उघडण्याचं नाही, पण मनुष्यबळ कमी म्हणून ग्लेनिसने मला पाठवलं. ग्लेनिस आमची वरिष्ठ. तीन कौन्सिलांनी मिळून चालवलेलं हे ग्रंथालय मंडळ तिच्या एकटीच्या खांद्यावर असल्यासारखी ती चालते.

शाखेच्या प्रमुख सुचित्राताई. प्रमुख म्हणजे एकट्याच. आठवड्याला वीस तास. मूळच्या चिंचवडच्या. त्यांनी आणि मी जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांचे बाण चिकटवले. पुढच्या दाराने आत, स्वयंपाकघराशेजारच्या दाराने बाहेर, म्हणजे माणसं समोरासमोर येणार नाहीत. जुना हॉल असल्याने दोन दारं आहेत, बाकी कुठल्याच शाखेला नाहीत. माझा एक बाण वाकडा गेला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “लोक तसेही सरळ कुठं चालतात.”

पुढच्या दारावरचा माणसं मोजणारा काउंटर मी तपासला. किरण तुटला की एक मोजतो. नीट चालतो आहे. पहिल्या दोन तासांत सव्वीस माणसं आली. आठ महिन्यांनी उघडलेल्या दारातून माणूस आत येताना पाहिला, बरं वाटलं. देवाची कृपा.

११ मार्च २०२१, गुरुवार

उपवास. मंडळाच्या बोर्डाची बैठक कॉम्प्युटरवरच झाली. नवा नियम ठरला. उघड्या तासाला सरासरी पाचपेक्षा कमी भेटी असतील ती शाखा बंद होणार आणि तिथे पंधरा दिवसांतून एकदा पुस्तकांची गाडी जाणार. तासाचा हिशेब धरल्यामुळे लॉकडाउनचा तोटा कुणाला होणार नाही, असं म्हणाले. निर्णय जूनअखेरच्या वार्षिक तक्त्यावरून होईल. तो तक्ता मी करतो. राज्याकडे जातो तोच.

दुपारी सुचित्राताईंचा फोन.

“दत्तात्रयभाऊ, आम्ही राहू ना?”

“येतात का लोक?”

“येतात हो. पण पुस्तक कोण नेतंय? त्या नव्या वस्तीतले आईवडील येतात. नातवंडं सांभाळायला सहा महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाली. सून वर्क फ्रॉम होम, मुलगा वर्क फ्रॉम होम, घरात खोकायची चोरी. इथं येऊन बसतात. परवा एक पंजाबी आजोबा मला म्हणाले, बेटी, इथे निदान कुणी म्यूटवर नाही.”

मी हसलो. म्हटलं, भेटीला पुस्तक लागत नाही, दारातून आत आलं की झाली. आकडा खरा असेल तर भ्यायचं कारण नाही.

“तुम्ही मोजताय म्हणून निर्धास्त आहे,” त्या म्हणाल्या.

२ जुलै २०२१, शुक्रवार

जूनअखेर हिशेबाचं वर्ष संपलं. सगळ्या शाखांचे काउंटरचे आकडे आले.

माझ्या थोरल्या भावाला, नंदूदादाला, कोल्हापुरात दाखल केलंय. ऑक्सिजन लावलाय. वरुण, त्याचा मुलगा, दिवसातून दोनदा मेसेज करतो. तिकडे देशात मे महिन्यातच लाट ओसरली म्हणत होते, कोल्हापूरला मात्र आत्ता भरात आहे. जायचं तर इथल्या सरकारची बाहेर पडायची परवानगी हवी आणि परत यायला विमान नाही. अर्ज भरून ठेवला आहे.

दादा गावच्या दूध संस्थेत माप घ्यायला बसायचा, एकतीस वर्षं. मला लायब्ररीत आकड्यांची नोकरी लागली तेव्हा त्याने विचारलं होतं, म्हणजे करतोस काय नेमकं? मी सांगितलं, तुमच्या दूध संघासारखंच आहे. गावोगावच्या संस्था, वर एक संघ, वर्षाअखेरीला कुणी किती घातलं त्याचा तक्ता. तो म्हणाला, “मग एक ध्यानात ठेव. माप घेणाऱ्याचं लक्ष हललं की नुकसान घालणाऱ्याचं होतं.”

आज सकाळी जप करताना दोनदा माळ कुठवर आली ते विसरलो.

११ जुलै, रविवार

नंदूदादा गेला. इथल्या पहाटे तीनला, तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. महानगरपालिकेने परस्पर नेलं. वरुणला लांबून दिसलं.

१३ जुलै, मंगळवार

देवघरात दिवा नाही. पद्माने पडदा ओढून ठेवला आहे. लेकीचे, मैथिलीचे, कॉलेजचे वर्ग अजून ऑनलाइनच, खोलीत दार लोटून. मधल्या सुट्टीत बाहेर आली आणि माझ्याजवळ नुसती बसली. “आर यू ओके, बाबा?” म्हणाली. मी ठीक आहे म्हटलं.

पद्मा म्हणते रजा घे. मी म्हटलं, सुतकात देवाचं करायचं नसतं, कामाला कुठे बंदी आहे? तक्ता एकवीस तारखेला जायचाय. शिवाय काम असलं की बरं असतं. आकड्यांना कुणाचं काही कळवावं लागत नाही.

“तुझं लक्ष आहे का त्यात?” तिने विचारलं.

सोळा वर्षं करतोय. डोळे मिटून होईल.

१६ जुलै, शुक्रवार

आजपासून पुन्हा लॉकडाउन. मी घराबाहेर पडणार नव्हतोच.

कच्चा तक्ता पूर्ण केला. दारावरचा काउंटर जाणाऱ्यालाही मोजतो आणि येणाऱ्यालाही, म्हणून प्रत्येक आकड्याचा निम्मा घ्यायचा. अकराही शाखांचा एकाच ओळीत निम्मा केला. हात आपोआप चालत होता. मध्येच उठून खिडकीशी गेलो तर किती वेळ तिथे उभा होतो ते पद्माने सांगितलं, पाऊण तास.

कॅरिक फ्लॅट: काउंटर ३,२७६. भेटी १,६३८. उघडे तास ५२०. तासाला ३.१५.

वाईट वाटलं. सुचित्राताई म्हणत होत्या लोक येतात. एकटं बसणाऱ्याला थोडीही माणसं पुष्कळ वाटत असतील. गुणाकार-भागाकार दोनदा तपासला, बरोबर आहे. सगळ्या शाखांना पाठवला, बुधवारपर्यंत कळवा म्हणून.

१९ जुलै, सोमवार

सुचित्राताईंचा फोन आला होता. पद्माने उचलला, तिच्याकडून त्यांना दादाचं कळलं. मग मला दिला.

“वहिनी आत्ता बोलल्या. मला माहीतच नव्हतं हो.”

“हं.”

“किती वय होतं?”

“सत्तावन्न.”

मी विचारलं, तक्त्याचं काही होतं का? म्हणाल्या, “नाही, नाही. ते होईल नंतर. तुम्ही जेवताय ना नीट?”

भला जीव. सांत्वनाला माणसं अशी बोलतात तेव्हा धीर येतो.

२१ जुलै, बुधवार

काल दहावा झाला. वरुणने फोन टेकवून ठेवला होता, नदीकाठ दिसत होता, आणि एक कुत्रं. कावळा शिवायला वेळ लागला. वहिनी, वरुणची आई, काहीतरी पुटपुटल्या तेव्हा शिवला. काय म्हणाल्या ते विचारायचं धाडस झालं नाही.

दुपारी सुचित्राताईंचा पुन्हा फोन. “भाऊ, दोन मिनिटं आहेत?” म्हणाल्या. मी म्हटलं, बोला. माझा आवाज जरा बसला होता. लगेच म्हणाल्या, “राहू दे, तेरावा झाल्यावर बोलू.” पण तेरावा परवा, आणि तक्ता आजच जायचा होता. नोकरीची काळजी असणार, दुसरं काय. माझ्या हातात ते नाही.

पाच वाजता तक्ता पाठवला. दहा शाखांनी बरोबर म्हणून कळवलं. कॅरिक फ्लॅटचं उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे मान्य, असा आमचा नियम आहे.

१९ ऑगस्ट, गुरुवार

बोर्डाने ठरवलं. कॅरिक फ्लॅट बंद, बारा नोव्हेंबरला. बाकी दहा शाखा राहतील. हरकती घ्यायला चार आठवडे दिले आहेत.

ग्लेनिस सगळ्यांना ‘मेट’, म्हणजे मित्रा, म्हणते. फोनवर म्हणाली, “वाईट वाटतंय, मेट. पण तीन पॉइंट एकला मी काय करणार? पाचच्या जवळपास असता तर भांडले असते.”

सुचित्राताईंना फोन करायला हवा. उद्या करतो.

१४ सप्टेंबर, मंगळवार

गेल्या महिन्यातला तो फोन राहूनच गेला.

ग्लेनिसने हरकतींची यादी पाठवली, नावं काढून. एकोणीस आहेत. आकड्यांबद्दलच्यांना उत्तर मी लिहायचं. सातव्या क्रमांकाची अशी: भेटींची संख्या प्रत्यक्षाच्या साधारण निम्मी दिसते, कृपया पुन्हा तपासावी.

लोकांना मोजण्याची पद्धत माहीत नसते. शांतपणे समजावून लिहिलं. काउंटर जाताना आणि येताना दोन्ही वेळा मोजतो, म्हणून संख्या निम्मी करतात. ही पद्धत वीस वर्षं तीच आहे आणि राज्यभर तीच आहे. आपल्या शाखेबद्दल आपल्याला वाटणारी आस्था आम्ही जाणतो. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. सौजन्यात कमी पडलं असं वाटलं नाही.

३ नोव्हेंबर २०२१, बुधवार

मला हे नीट लिहून काढायला हवं.

शहराबाहेर जायची बंदी उठल्यावर ग्लेनिसने सांगितलं की कॅरिक फ्लॅटचा काउंटर काढून आण, दुसऱ्या शाखेचा बिघडलाय. दिवाळी आहे, पण आमच्याकडे यंदा नाही. मी सकाळी गेलो. सुचित्राताई खोकी भरत होत्या. बाण अजून जमिनीवर होते, पुसट झालेले.

काढण्याआधी यंत्रावरचा आजवरचा एकूण आकडा टिपायचा असतो. ७,४१२. स्क्रूड्रायव्हर गाडीत राहिला होता. बाणाप्रमाणे बाजूच्या दाराने बाहेर गेलो, पुढच्या दाराने आत आलो. मोजयंत्रासमोर मी जितक्या वेळा गेलो असेन तितके वजा करायचे, ही माझी सवय आहे. एकदा जाणं, एकदा येणं, दोन. म्हणून ७,४१४ असेल असं धरून पाहिलं.

७,४१३ होता.

यंत्र बिघडलं असं वाटलं. पुन्हा बाजूने बाहेर, पुढून आत. ७,४१४. पुन्हा. ७,४१५. सुचित्राताई पुस्तक हातात धरून बघत होत्या.

चौथ्या वेळी मी आत आलो नाही. बाजूच्या दाराबाहेर पायरी आहे, तिथे बसलो. या दारावर काउंटर नाही. इथून गेलेला माणूस कुणी मोजलाच नाही. प्रत्येक जण एकदाच मोजला गेला, आत येताना. आणि मी त्याचा निम्मा केला. बाण मी चिकटवले होते. माझ्या हाताने.

३,२७६ भागिले ५२०. सहा पॉइंट तीन.

त्या चहा घेऊन आल्या. मी सांगितलं. त्या चकित होतील असं वाटलं होतं. आत जाऊन त्यांनी एक वही आणली. एका वेळी पंधराच माणसं आत, असा नियम होता, म्हणून त्या येणाऱ्याची रेघ मारत. चार उभ्या, पाचवी आडवी. पानंच्या पानं.

“तीन हजार दोनशे नव्वद,” त्या म्हणाल्या. “चौदा जास्त. कधीतरी स्वतःलाच मोजलं असेल.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“निम्मं दिसत होतं. का ते नव्हतं माहीत. निम्मे करतात हे आम्हाला कुठं कुणी सांगतं?”

“मग मला का नाही बोललात?”

“दोनदा फोन केला की. वहिनी म्हणाल्या नववा दिवस आहे. सुतकातल्या माणसाला काय म्हणू, तुमचा आकडा चुकलाय?” कपाच्या कानाशी त्या चाळा करत होत्या. “दुसऱ्या वेळी म्हणणार होते. तुमचा आवाज ऐकला आणि नाही जमलं. म्हटलं, दोन दिवसांनी काय बिघडतंय.”

“आणि नंतर?”

“नंतर लिहिलं ना. सातवी हरकत माझीच. उत्तर आलं, वीस वर्षं हीच पद्धत आहे.” त्या थोडं हसल्या. “तुम्ही लिहिलंय ते लगेच ओळखलं. इतकं सभ्य इंग्रजी आपल्या ऑफिसात दुसरं कोण लिहितंय? मग मला वाटलं, माझंच मोजणं चुकत असेल. तुम्ही चुकाल असं नाही वाटलं.”

त्यांनी मला बोल लावला असता तर चाललं असतं.

काउंटर काढला नाही. तसाच परत आलो.

४ नोव्हेंबर, गुरुवार

ग्लेनिसला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “ओह, मेट.” मग बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज. हॉल कौन्सिलला परत केल्याच्या कागदांवर सह्या झाल्या आहेत. फेब्रुवारीपासून तिथे फिजिओथेरपीवाले येणार, त्यांच्याशी करारही झाला. “बोर्डापुढे ठेवते. ठेवायलाच हवं. पण तू आशा धरू नकोस.”

मी म्हटलं, चूक माझी आहे असं स्पष्ट लिहा. दादाचा उल्लेख करू नका.

संध्याकाळी पद्माने उंबऱ्यात एकच पणती लावली. तिला सांगितलं. ती म्हणाली, “तेव्हा मी रजा घे म्हणत होते.” आणि मग माझ्याकडे बघून आत गेली.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटचा दिवस. गेलो. समारंभ नव्हता. दुपारपर्यंत नेहमीची मंडळी बसून होती. विमानं सुरू झाल्यामुळे पंजाबी आजोबा पुढच्या आठवड्यात जालंधरला निघालेत. त्यांनी सुचित्राताईंच्या डोक्यावर हात ठेवला. एका गुजराती बाईंनी विचारलं, आता सोमवारी कुठं यायचं? पुस्तकांच्या गाडीचा कागद मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. “गाडीत बसायला जागा असते?” मी नाही म्हटलं.

सुचित्राताईंना ट्रुगानिनाच्या एका वेअरहाउसमध्ये काम मिळालंय, पॅकिंगचं. पहाटे पाचची शिफ्ट. “पुस्तकांपेक्षा खोकी हलकी असतात,” म्हणाल्या.

कुलूप त्यांनीच लावलं. किल्ली फिरत नव्हती. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या, “नको, मला करू दे.”

९ डिसेंबर, गुरुवार

बोर्डाच्या कालच्या बैठकीचं इतिवृत्त आलं. आकड्यात दुरुस्ती झाल्याची नोंद घेतली. निर्णय कायम. त्याखाली एक ओळ: संबंधित कर्मचाऱ्यास त्या काळात भावाच्या निधनाचे दुःख होते, याबद्दल बोर्ड सहानुभूती व्यक्त करते.

ग्लेनिसने चांगल्या मनाने सांगितलं असणार. पण दादाचं नाव न घेता दादा त्या कागदावर आला, माझ्या चुकीचं कारण म्हणून. एकतीस वर्षं त्याच्या मापाची कुणी तक्रार केली नाही. घरी जाणं झालं नाही, तर हे केलं मी त्याचं.

आज जपाला बसलो आणि उठलो. देवापुढे बसायला तोंड लागतं.

२७ जुलै २०२२, बुधवार

यंदाचा तक्ता. प्रत्येक शाखेची दारं किती, काउंटर कोणत्या दारावर, हे मी या वेळी फोन करून विचारलं. लोक वैतागले. दहाच शाखा आहेत, तरी तीन दिवस लागले.

मग राज्याच्या अर्जात गेल्या वर्षी बंद झालेल्या शाखांचं पान आलं. नाव, तारीख. पुढे ‘बंद करण्याचे कारण’, आणि निवडायला यादी. कमी वापर. इमारत असुरक्षित. कर्मचारी उपलब्ध नाहीत. इतर.

बोर्डाच्या ठरावात कमी वापर असं आहे. ते मला निवडता येईना. ‘इतर’ निवडलं तर खाली शंभर अक्षरांची एक चौकट उघडली. मी लिहिलं, शाखा वापरात होती. भेटी मी चुकीने निम्म्या केल्या. मावलं.

सही ग्लेनिसची लागते. तिने वाचलं, चष्मा काढला.

“यात ‘मी’ कोण आहे ते त्यांना कळणार नाही.”

“मला कळतं.”

“हा मंडळाचा अर्ज आहे, मेट. अर्जाला ‘मी’ नसतो.” तिने हळूच खुर्ची माझ्या बाजूला ओढली, कीबोर्ड घेतला आणि बदललं: नोंदीतील त्रुटी. मग माझ्याकडे पाहिलं. “चालेल?”

मी मान हलवली. तिने सही केली. अर्ज गेला.

म्हणून इथे लिहून ठेवतो. कॅरिक फ्लॅट, सन २०२०-२१. तीन हजार दोनशे शहात्तर माणसं त्या दाराने आत आली. मी सोळाशे अडतीस लिहिली.